पोत्यात न जाणारं पीक

सोलापूर, मंगळवेढा, जामखेड, पाथर्डी या पट्ट्यातून जुलैच्या मध्यावर प्रवास केला, तर बागायती भागातून आलेला माणूस चक्रावतो. चार पाऊस होऊन गेलेले असतात, बांधावरचं गवत हिरवं झालेलं असतं आणि भारी काळी रानं मात्र उघडी असतात. त्यांत ना बाजरी, ना तूर, ना सोयाबीन. शेतकरी आळशी म्हणावा तर तसंही नाही. पंधरा-वीस दिवसांनी तो त्याच मोकळ्या रानात कुळवाची पाळी घालताना दिसतो. हे रान रब्बीच्या ज्वारीसाठी राखलेलं असतं. मालदांडी सप्टेंबरात पेरायची, तोवर पडेल तो पाऊस जमिनीत मुरवायचा आणि तण उगवू द्यायचं नाही, कारण तण ओल पिऊन टाकतं.

या पद्धतीला हसण्याचं कारण नाही. इथं वर्षाचा पाऊस ५०० ते ७०० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. जूनचा पाऊस फसवा निघतो, जुलै-ऑगस्टात मोठा खंड पडतो आणि भरवशाचं पाणी येतं ते सप्टेंबरात. शिवाय भारी काळी जमीन एकदा चिंबली की आठ-आठ दिवस वाफसा येत नाही, औत घालता येत नाही, खुरपणी करता येत नाही. खरिपाचा जुगार न खेळता रब्बीचं एक खात्रीचं पीक घ्यायचं, हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेला आहे. जी ज्वारी पावसाच्या थेंबाशिवाय, नुसत्या ओलीवर आणि थंडीवर कणीस भरते, तिच्यासाठी ओल जपायलाच हवी.

अडचण अशी, की ओल जपण्यासाठी उघडं ठेवलेलं रानच ओल गमावतं. वळवाचा मोठा थेंब जमिनीवर येतो तो सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने. त्याच्या माऱ्याने ढेकळाचे बारीक कण सुटे होतात, पाण्याबरोबर वाहत जाऊन जमिनीची छिद्रं बुजवतात आणि ऊन पडलं की वर कडक पापुद्रा धरतो. पुढच्या पावसाला आत शिरायला वाट उरत नाही. पाणी ताली फोडून निघतं ते गढूळ होऊन, म्हणजे जमिनीचा सगळ्यात कसदार वरचा थर सोबत घेऊन.

हे किती मोठं नुकसान आहे याचा मोजून ठेवलेला पुरावा हैदराबादजवळच्या पाटणचेरूत आहे. तिथं १९७२ साली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था सुरू झाली आणि १९७६ पासून काळ्या जमिनीवरची दोन पाणलोटं शेजारी शेजारी ठेवून त्यांची नोंद घेतली गेली. एका भागात परंपरेप्रमाणे पावसाळ्यात रान मोकळं आणि रब्बीत एक पीक. दुसऱ्या भागात रुंद वाफे-सरी, पावसाळ्यातही पीक, त्याच्या जोडीला तूर किंवा हरभरा, बेताची खतं आणि बांधावर गिरिपुष्प. तीस वर्षांच्या सरासरीत पहिल्या भागाने हेक्टरी एक टनाच्या आसपास धान्य दिलं, दुसऱ्याने पाच टनांच्या आसपास. मोकळ्या रानातून दरवर्षी हेक्टरी साडेसहा टनांच्या आसपास माती वाहून गेली, झाकलेल्या रानातून दीड टनाच्या आसपास. या फरकाचं सगळं श्रेय पावसाळ्यातल्या हिरवाईला देणं खोटं ठरेल. वाण वेगळे होते, वाफे वेगळे होते, खत वेगळं होतं. पाटणचेरूला पाऊसही सोलापूरपेक्षा थोडा जास्त पडतो. पण जुलैत रान झाकलेलं होतं की उघडं, हा त्या दोन पाणलोटांमधला पहिला फरक होता, आणि माती वाहून जाण्याचा आकडा त्याच्याशी थेट बांधलेला आहे.

रान मोकळं ठेवलं म्हणजे जमिनीला विश्रांती मिळते, ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. जमिनीतल्या जिवांना विचारलं तर ते याला उपास म्हणतील. वनस्पती हवेतून आणि उन्हातून जी साखर तयार करते, तिच्यातला चांगला वाटा मुळांवाटे जमिनीत पाझरतो. त्यावर जिवाणू आणि बुरशी जगतात, आणि त्यांनी सोडलेल्या चिकट पदार्थांनी मातीचे कण एकमेकांना धरून राहतात. भुसभुशीत, रवाळ माती म्हणतो ती अशी घडते. जिवंत मूळ नाहीसं झालं की हा रतीब बंद.

याचा एक नमुना ऑस्ट्रेलियात सापडतो. क्वीन्सलँडच्या डार्लिंग डाउन्स भागात आपल्यासारख्याच भारी काळ्या जमिनी आहेत आणि तिथले शेतकरीही ओल साठवण्यासाठी रान महिनोन्‌महिने मोकळं ठेवत. त्यांना एक कोडं पडलं होतं: इतकी विश्रांती देऊनही पुढचं पीक कधीकधी खुरटतं, स्फुरद आणि जस्ताची कमतरता दाखवतं, आणि जमीन तपासली तर दोन्ही जमिनीत असतात. १९८०च्या दशकात उत्तर मिळालं. मुळांशी भागीदारी करून दूरवरचं स्फुरद आणून देणारी मायकोरायझा बुरशी जिवंत मुळाशिवाय तग धरत नाही. रान जितकं जास्त काळ मोकळं, तितकी ती कमी. अन्न कोठारात होतं, आणून देणारा उपाशी मेला होता.

घरच्या घरी हे पाहायचं असेल तर दोन काचेचे पेले पुरेत. एका शेतातलं सुकं ढेकूळ आणि बांधावरच्या गवताखालचं, कधीही न नांगरलेलं सुकं ढेकूळ घ्या. तारेच्या जाळीवर ठेवून दोन्ही हलकेच पाण्यात बुडवा. पहिलं बहुधा दोन-चार मिनिटांत विरघळून गाळ होतं. दुसरं तासाभरानेही ढेकूळच राहतं. माती तीच, पाऊस तोच, मालकही तोच.

तर मग उपाय काय? मुख्य पीक नसेल त्या काळात दुसरं काहीतरी पेरायचं, जे विकायचं नाही आणि खायचंही नाही. रान झाकणं, मुळांनी जमीन पोसणं आणि वेळ आली की मरणं एवढंच त्याचं काम. आपल्याकडे याचं सगळ्यात ओळखीचं रूप म्हणजे हिरवळीचं खत: ताग किंवा धैंचा पेरायचा आणि फुलोऱ्याच्या सुमारास नांगराखाली गाडायचा. आच्छादन पीक त्याचं सख्खं भावंड. फरक एवढाच, की ते गाडलंच पाहिजे असं नाही. कापून किंवा आडवं पाडून तिथंच पसरू द्यायचं, मुळं जमिनीत तशीच सोडायची आणि त्या थरातून पुढची पेरणी करायची. गाडलेलं लवकर कुजतं आणि नत्र लवकर देतं. पसरलेलं हळू कुजतं, पण उन्हापासून आणि थेंबापासून जमिनीचं रक्षण जास्त दिवस करतं.

कल्पना नवी नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेतल्या वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात झाडं लावण्याआधी जमिनीत तीळ पेरावा आणि तो फुलावर आला की तिथंच मळून टाकावा, हे जमीन तयार करण्याचं पहिलं काम म्हणून सांगितलं आहे. त्याच्याही आठ-नऊशे वर्षं आधी ग्रीक थिओफ्रास्टसने मॅसिडोनिया आणि थेसली भागातले शेतकरी फुललेलं कडधान्य नांगरून टाकतात, असं लिहून ठेवलं. आपल्या शेतकऱ्याला तर ‘बेवड’ माहीत असतोच. आधीच्या पिकाने जमीन कशी सोडली यावर पुढचं पीक ठरतं, हे ज्ञान प्रयोगशाळेच्या आधीचं आहे. हरभऱ्याच्या किंवा तागाच्या बेवडावर ऊस जोरात येतो, हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ लागला नव्हता.

शास्त्रज्ञ लागला तो कारण सांगायला. १८८६ साली जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी दाखवून दिलं, की डाळवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र बांधतात आणि हे काम गाठीतले जीवाणू करतात. दोनच वर्षांत हॉलंडच्या बायरिंकने ते जीवाणू वेगळे काढले. शेतकऱ्याला यातलं एक चिन्ह उपयोगी पडतं. तागाचं रोप हळूच उपटा, गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर दिसली तर कारखाना चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर बंद. तो गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या प्रथिनाचा असतो. गाठी पांढऱ्याच निघाल्या, तर पुढच्या वेळी बियाण्याला रायझोबियम चोळून पेरावं. जाता जाता एक गंमत: टाकळा शेंगावर्गीय कुळातला, पावसाळ्यात माळावर दाट उगवणारा, गाजरगवतालाही दाबणारा, पण त्याच्या मुळांवर गाठी नसतात. त्याची भाजी करावी, रान झाकायला तो चालेल, पण नत्राची आशा त्याच्याकडून धरू नये.

१९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ इथं हवेतला नत्र कारखान्यात बांधायला सुरुवात झाली आणि हळूहळू जगभर शेतकऱ्याला तागाची गरज वाटेनाशी झाली. पोत्यातून येणारा नत्र स्वस्त, झटपट आणि हंगाम न अडवणारा. आपल्याकडे १९६०च्या दशकानंतर हेच घडलं. यात मूर्खपणा कुणाचाच नव्हता. दोन महिने रान अडवून जे मिळवायचं, ते दुकानात अर्ध्या तासात मिळत असेल तर माणूस दुकानातच जाणार.

म्हणूनच आकड्यांत स्पष्ट बोलायला हवं. ताग चांगला साधला तर ४५-५० दिवसांत हेक्टरी १५ ते २० टन हिरवा पाला मिळतो आणि त्यातून ६० ते ९० किलो नत्र जमिनीत जातो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत साधारण २१ किलो नत्र असतो. म्हणजे हेक्टरी तीन ते चार गोण्यांचा ऐवज. पण तो सगळा लगेच हातात पडत नाही. पुढच्या पिकाला त्यातला निम्म्याहून कमीच लागू होतो, बाकीचा जमिनीतल्या जिवांच्या अंगात आणि सेंद्रिय पदार्थात अडकून राहतो आणि सावकाश सुटतो. नुसत्या नत्रासाठी ताग पेरायचा, तर युरियाच्या अनुदानित भावापुढे हा सौदा फार आकर्षक दिसत नाही.

कार्बनचा हिशेब तर आणखी नम्र करणारा आहे. माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्बाचा रकाना असतो. ०.५ टक्क्यांच्या खाली म्हणजे कमी, आणि आपल्या कोरडवाहू रानांत बहुतेकदा तसाच आकडा निघतो. एक हेक्टर जमिनीचा वरचा पंधरा सेंटिमीटरचा थर म्हणजे सुमारे साडेबावीस लाख किलो माती. तिच्यात ०.१ टक्का कर्ब वाढवायचा म्हणजे सव्वादोन टन कर्ब टिकवायचा. आता तागाकडे पाहा. २० टन हिरवा पाला वाळवला की ४ टन. त्यात कर्ब सुमारे पावणेदोन टन. आपल्या उष्ण हवेत जिवाणू झपाट्याने खातात आणि वर्षभरात त्यातला बहुतेक भाग कर्बवायू होऊन उडून जातो. दहा-वीस टक्के उरला म्हणजे नशीब. धरून चालू २५० किलो. दरवर्षी न चुकता ताग गाडला आणि दुसरीकडून काहीच गमावलं नाही, तरी ०.१ टक्क्याला नऊ वर्षं लागतील. ‘एका हंगामात सेंद्रिय कर्ब दुप्पट’ असं छापणाऱ्या पत्रकांवर किती विश्वास ठेवायचा, ते या गुणाकारावरून ठरवावं.

एवढं असूनही हे करावं का? माझं मत, करावं. पण कर्बाच्या आकड्यासाठी थांबून नव्हे. टक्का हलायच्या कितीतरी आधी जमिनीचं वागणं बदलतं. जिवाणूंना खायला मिळालं की रवाळपणा एक-दोन हंगामांतच सुधारू लागतो, पाणी मुरण्याचा वेग वाढतो, पापुद्रा कमी धरतो, कुळव हलका चालतो. जमिनीत टिकणाऱ्या कर्बात पाल्यापेक्षा मुळांचा वाटा मोठा असतो; मुळांतून आलेला कर्ब पाल्यातल्यापेक्षा दुप्पटीहून जास्त काळ टिकतो, असं अभ्यास सांगतात. म्हणून एकट्या तागापेक्षा त्यात थोडी ज्वारी-बाजरी मिसळलेली बरी. डाळवर्गीय नत्र देतं, तृणधान्याची तंतुमय मुळं माती बांधतात.

या सगळ्यात पेरणं सोपं आहे. अवघड आहे ते मारणं, म्हणजे मारायचा दिवस ठरवणं. इतर प्रत्येक पिकात शेतकरी ते जगावं म्हणून धडपडतो. इथं ते ऐन भरात असताना नांगर घालावा लागतो आणि हात कचरतो. तो कचरला की काम बिघडतं.

कारण वयाबरोबर झाड बदलतं. पन्नास दिवसांचा ताग लुसलुशीत असतो, त्यात एका भाग नत्रामागे पंधरा-वीस भाग कर्ब. जिवाणू तो खातात आणि उरलेला नत्र जमिनीला देतात. तोच ताग तीन महिने उभा ठेवला की खोड वाखाचं होतं. शेवटी दोर वळायला आपण तोच वाढवतो. तेव्हा नत्राच्या मानाने कर्ब फार होतो आणि गणित उलटतं. उसाचं पाचट तर याचं टोक, एकास शंभरच्या घरातलं. जिवाणूंच्या दृष्टीने ती नुसती कोरडी भाकरी. तोंडी लावायला नत्र हवा म्हणून ते तो जमिनीतून उचलतात आणि पुढचं पीक पिवळं पडतं. पाचट ठेवावंच, जाळू तर मुळीच नये, पण त्यावर थोडा युरिया आणि कुजवणारे जीवाणू टाका असं खोडव्यात सांगतात ते याचसाठी.

दुसरी अट पाण्याची. उत्तर प्रदेशात शाहजहानपूरच्या ऊस संशोधन केंद्रावर जॉर्ज क्लार्क यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तागावर काम केलं होतं आणि इंदूरला सेंद्रिय खताची पद्धत बसवणारे अल्बर्ट हॉवर्ड यांनी ते आवर्जून उद्धृत केलं. ताग गाडल्यावर सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सुमारे ५ इंच पाऊस झाला तर तो नीट कुजायचा. नाही झाला तर पाणी द्यावं लागायचं. हिरवळीचं खत कधी छान लागू पडतं आणि कधी वाया जातं, या तक्रारीचं उत्तर बऱ्याच अंशी इथं आहे. कोरड्या मातीत गाडलेला पाला कुजत नाही, नुसता वाळतो, आणि पेरणीच्या वेळी पाभरीच्या फणात अडकतो.

तिसरी अट पुढच्या पिकासाठी ओल शिल्लक ठेवण्याची. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात गेल्या काही वर्षांत आच्छादन पिकांचा मोठा गाजावाजा झाला. २०२२च्या कृषिगणनेत सगळ्या अमेरिकेत मिळून सुमारे १.८ कोटी एकरांवर ती होती. ऐकायला मोठं, प्रत्यक्षात पिकाखालच्या जमिनीच्या पाच टक्क्यांच्या आतबाहेर. उपग्रहाच्या चित्रांवरून हजारो शेतांची तुलना झाली, तेव्हा आच्छादन घेतलेल्या शेतांत मक्याचं उत्पादन सरासरी साडेपाच टक्क्यांनी कमी भरलं. आच्छादन म्हणून पेरलेलं राय हे हिवाळी तृणधान्य वसंतात वेळेवर मारलं नाही, तर ते मक्याच्या वाट्याचं पाणी आणि नत्र घेऊन बसतं. आच्छादनाचा पुरस्कार करणाऱ्यांनी हा आकडा लपवू नये. तो उपायाविरुद्ध नाही, पण उशिरा मारण्याची किंमत नेमकी दाखवतो.

उलट बाजू पाहायची तर होंडुरासला जावं लागेल. तिथल्या केळीच्या मळ्यांत १९२०-३०च्या सुमारास खेचरांना चारा म्हणून एक वेल लावत. आपल्या खाजकुयलीचीच ती न खाजणारी जात. मळ्यांतल्या मजुरांनी ती आपल्या मक्यात नेली. पावसाळ्यात वेल रान व्यापून टाकी, डिसेंबरात कोयत्याने ती आडवी करायची आणि त्या जाड थरात काठीने भोकं पाडून मका टोकायचा. नांगर नाही, खत नाही, तण जवळजवळ नाही, आणि उत्पन्न साध्या मक्याच्या दुपटीच्या घरात. वेल स्वतःचं बी स्वतः टाकी, त्यामुळे दरवर्षी पेरण्याचीही कटकट नव्हती. कुठल्याही सरकारी योजनेशिवाय ही पद्धत डोंगर-डोंगर पसरली. आणि मग १९९०च्या दशकात अनेकांनी ती सोडली. गुरांच्या कुरणांनी जमिनी व्यापल्या, खंडाने मिळणाऱ्या जमिनी आटल्या आणि एक चिवट गवत त्या वेलीखालीही वाढायला लागलं. जमिनीसाठी चांगली असलेली पद्धतही जमीन कोणाच्या ताब्यात आहे यावर जगते किंवा मरते. शिवाय तिथं पाऊस आपल्या दुष्काळी पट्ट्याच्या कितीतरी पट पडतो. होंडुरासची वेल मंगळवेढ्यात आणून भागणार नाही.

मग महाराष्ट्रात काय? एकच उत्तर नाही, कारण महाराष्ट्रात एकच पाऊस नाही.

आडसाली उसाला सोय सगळ्यात चांगली आहे. पाणी हाताशी असेल तर मेअखेरीस ताग पेरून जुलैत गाडता येतो आणि पंधरा-वीस दिवस कुजू देऊन लागण करता येते. कृष्णेच्या काठी सांगली-कोल्हापूरकडच्या ज्या जमिनी अतिपाण्याने चोपण झाल्या, तिथं तागापेक्षा धैंचा बरा. तो साचलं पाणी आणि खारटपणा दोन्ही सोसतो. तो कुजताना कर्बवायू सुटतो, त्याचं पाण्यात सौम्य आम्ल होतं, ते जमिनीतला चुना थोडा विरघळवतं आणि मोकळं झालेलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं. अर्थात निचऱ्याची सोय केली नसेल तर हुसकावलेला सोडियम जाणार कुठं? चर काढल्याशिवाय नुसत्या धैंच्याने चोपण सुधारेल असं कुणी सांगत असेल तर ऐकू नये.

द्राक्षबागांत दोन ओळींमधला पट्टा पावसाळ्यात मोकळाच असतो. तिथं ताग किंवा चवळी उत्तम, ट्रॅक्टरच्या चाकांनी दबलेली माती तिच्यामुळे मोकळी होते. पण ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी ते कापून खाली पडलंच पाहिजे, नाहीतर बागेत दमटपणा कोंडतो आणि डाऊनी रोगाला आमंत्रण मिळतं.

कोकणात भात काढल्यावर ओलीवर कडवा वाल किंवा कुळीथ टाकण्याची रीत जुनीच आहे. ते खाण्याचं पीक आणि आच्छादन दोन्ही. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा भात पद्धत त्याला पुढे नेते: एकदा गादीवाफे केले की पुन्हा नांगरणी आणि चिखलणी नाही, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच. कोल्हापूरकडे प्रताप चिपळूणकर यांनी तणांनाच आच्छादन मानून बिननांगरणीची शेती केली आणि त्यावर मराठीत भरपूर लिहिलं. दोघांशीही सगळ्या मुद्द्यांवर सहमत व्हायला हवं असं नाही. तणनाशकाच्या वापरावरून तर वाद होतच राहतील. पण दोघांनीही रिकामं, स्वच्छ रान म्हणजे चांगली शेती या आपल्या नजरेच्या सवयीला धक्का दिला. गोव्यातलं कुळागर पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. सुपारी, केळी, मिरी, जायफळ अशा मजल्यांखाली तिथली जमीन ऊन बघतच नाही.

आणि जिथून सुरुवात केली त्या रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात? इथं सगळ्यात जपून चालावं लागतं, आणि फायदाही कदाचित इथंच सगळ्यात जास्त आहे. खोल काळी जमीन असेल आणि जूनमध्ये पेरणीजोगा पाऊस झाला असेल, तर साठ-पासष्ट दिवसांचा मूग घ्यावा. शेंगा तोडून घरच्या आमटीची सोय होते, पाला रानात जातो. दोन महिने रान अडवून हाती काहीच लागणार नाही ही शेतकऱ्याची खरी हरकत असते, ती मुगाने निम्मी मिटते. ताग घ्यायचा तर ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्याच्या पुढे एक दिवसही ठेवू नये, म्हणजे सप्टेंबरचा पाऊस पूर्ण ज्वारीच्या वाट्याला येतो. हलक्या, उथळ जमिनीत हे धाडस करू नये. तिथं बांधावर गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी लावून तिच्या फांद्या छाटून रानात टाकाव्यात. ती बांधावरची ओल खाते, रानाची नाही, आणि शेळ्या सोडल्या तरी सहसा संपत नाही. सोलापूरच्या कोरडवाहू केंद्राच्या प्रयोगांतही असा झाडपाला ज्वारीच्या नत्राचा काही भाग भागवण्यासाठी वापरला गेला आहे.

करून पाहायचं ठरवलं तर सगळं रान एकदम गुंतवू नका. एकरभर घ्या, तागाला वीस-पंचवीस किलो बियाणं लागेल, आणि त्याला लागूनच तेवढंच रान नेहमीसारखं ठेवा. शेजारी तुलना नसेल तर चांगल्या पावसाचं श्रेय तागाला आणि वाईट पावसाचं खापरही तागावरच फुटतं. मोकाट जनावरांचा बंदोबस्त गावात आधी बोलून करा, कारण शिवारात एकटंच हिरवं रान फार दिवस हिरवं राहत नाही. आणि बियाणं आणण्याआधी दिनदर्शिका काढा. मुख्य पिकाच्या पेरणीची तारीख लिहा, तिथून चार आठवडे मागे येऊन मारण्याची तारीख लिहा, तिथून आणखी पन्नास दिवस मागे या. त्या दिवशी तुमच्या रानात पेरणीजोगी ओल नसेल, तर यंदा ताग पेरू नका.